डेंग्यूचा रिपोर्ट वाचण्याआधी तापाची तारीख लिहा

माझ्या धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा मी नुकतीच कामावरून परतले होते.

"ताई, सुटलो एकदाचा. डेंग्यू नाहीये. रिपोर्ट निगेटिव्ह आलाय."

"कुठली टेस्ट निगेटिव्ह?"

"डेंग्यूची."

"अरे, डेंग्यूची म्हणजे कुठली? एनएस१ की आयजीएम? आणि ताप कधी चढला होता?"

तो जरा थांबला. "पाच-सहा दिवस झाले असतील. आज सकाळपासून तर तापही नाही. नुसतं पोट दुखतंय आणि उभं राहिलं की गरगरतं."

मी त्याला रिपोर्टचे सगळे कागद फोटो काढून पाठवायला सांगितले. एनएस१, म्हणजे विषाणूचं एक प्रथिन रक्तात शोधणारी टेस्ट, निगेटिव्ह, खरंच होतं. पण दुसऱ्या पानावर सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, होती. प्लेटलेट ६१,००० आणि हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा भाग किती टक्के तो आकडा, ५१. तीन दिवसांपूर्वीच्या कागदावर तेच हिमॅटोक्रिट ४२ होतं. मी त्याला म्हटलं, "आत्ता निघ आणि रुग्णालयात दाखल हो. सकाळची वाट बघू नकोस." त्या रात्री त्याला सलाईन लागलं, चार दिवसांनी तो घरी आला.

मी रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत १९ वर्षं काम करते आहे. त्याच्या कागदांवरचा एकही आकडा चुकीचा नव्हता. टेस्ट करणाऱ्यांनी जी टेस्ट मागितली ती नीट केली होती. तापाचा कितवा दिवस आहे हे मात्र कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यानं सांगितलं नव्हतं. डेंग्यूचा रिपोर्ट तारखेशिवाय वाचता येत नाही. तो कसा वाचायचा ते इथे लिहिते. उपचार डॉक्टरच ठरवतील, पण त्यांच्यासमोर योग्य कागद, योग्य क्रमानं ठेवणं आपल्या हातात असतं.

सगळ्यात आधी

ताप चढला ती तारीख आणि शक्य तर वेळ लिहून ठेवा. तो दिवस पहिला. दुसऱ्या दिवशी दुखणं अंगावर काढलं, तिसऱ्या दिवशी दवाखाना गाठला, तरी मोजणी दवाखान्यापासून सुरू करायची नाही. आजारी माणसाला स्वतःला दिवस आठवत नाहीत, म्हणून हे काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करावं. रक्त द्यायला जाल तेव्हा फॉर्मवर पेनानं लिहा: "तापाचा दिवस तिसरा." फॉर्मवर तशी जागा नसली तर समासात लिहा.

ताप येण्याआधी आत काय घडून गेलेलं असतं

डास चावल्यापासून ताप यायला साधारण ४ ते १० दिवस लागतात. या दिवसांत विषाणू काय करतो ते एकदा डोळ्यांसमोर आणलं की पुढचा रिपोर्ट आपोआप उलगडतो. म्हणून इथे थोडं रेंगाळते.

डेंग्यूचा विषाणू सुमारे ५० नॅनोमीटरचा असतो. एक मिलिमीटरच्या रेघेवर असे २०,००० विषाणू ओळीनं बसतील. त्याच्या अंगावर 'ई' नावाच्या प्रथिनाच्या १८० प्रती जोड्याजोड्यांनी आडव्या पडलेल्या असतात, फरशा घट्ट बसवाव्यात तशा. आत आरएनएचा, म्हणजे त्याच्या जनुकीय मजकुराचा, एकच धागा, जवळपास ११,००० अक्षरांचा. एवढ्या मजकुरात जेमतेम १० प्रथिनांची कृती मावते. बाकी सगळं सामान तो आपल्या पेशीकडून वापरून घेतो.

डेंग्यू पसरवणाऱ्या एडीस डासाची मादी रक्तवाहिनी शोधत त्वचेत सोंड खुपसते, तेव्हा तिच्या लाळेबरोबर विषाणू त्वचेत उतरतो. तिथे त्याला सगळ्यात आधी भेटतात त्या डेंड्रायटिक पेशी, त्वचेतल्या पहारेकरी. परकं काही दिसलं की उचलायचं आणि लसीका ग्रंथींकडे नेऊन दाखवायचं, हे त्यांचं काम. त्यांच्या अंगावर डीसी-साइन नावाचं प्रथिन असतं, ते विषाणूवरच्या साखरेच्या साखळ्यांना धरतं. पहारेकऱ्यानं चोराला पकडलं खरं, पण पकडून थेट घरातच आणलं.

मग पेशीचं आवरण आत वळतं, विषाणूभोवती बुडबुडा तयार होतो आणि तो आत ओढला जातो. पेशी त्या बुडबुड्यात आम्ल भरू लागते. आत आलेलं विरघळवायची ही तिची नेहमीची रीत. विषाणू मात्र नेमकी त्याच आम्लाची वाट बघत असतो. आम्लता वाढली की ई प्रथिनाच्या जोड्या सुटतात, प्रथिनं उभी राहतात, तीन-तीनच्या झुपक्यात जुळतात आणि त्यांची टोकं बुडबुड्याच्या भिंतीत रुततात. मग ती प्रथिनं मधोमध दुमडतात, विषाणूचं आवरण आणि बुडबुड्याची भिंत एकमेकांवर खेचली जाऊन एकजीव होतात आणि आरएनए पेशीच्या आतल्या द्रवात मोकळा होतो. इतकी वर्षं या विषयाच्या जवळ राहूनही मला या क्षणाचं नवल वाटतं. पेशीनं मारण्यासाठी उगारलेलं हत्यारच त्याच्या दाराची किल्ली ठरतं.

हा आरएनए पेशीच्या रायबोसोमला, म्हणजे प्रथिनं विणणाऱ्या यंत्राला, सरळ वाचता येतो. रायबोसोम घरचा निरोप समजून तो वाचत जातो आणि सुमारे ३,४०० अमिनो आम्लांची एकच लांबलचक साखळी विणतो. तिचे तुकडे पाडायला काही कात्र्या विषाणूच्या, काही पेशीच्या. मग एनएस५ हे प्रथिन आरएनएच्या नकला काढायला बसतं. हे काम उघड्यावर होत नाही. पेशीतल्या पडद्यांना खिसे पाडून त्यांच्या आत चालतं, कारण नक्कल काढताना आरएनएचे दोन धागे एकमेकांना चिकटलेले असतात आणि तसा दुपेडी आरएनए दिसला की पेशीत बोंब होते.

नवे विषाणू बाहेर पडतात तो रस्ताही आम्लातूनच जातो. तिथेच ई प्रथिनं उभी राहिली तर सगळा डाव फसेल, म्हणून त्यांच्या टोकांवर छोटी टोपणं बसवलेली असतात. वाटेत फ्युरिन नावाची पेशीचीच कात्री टोपणाचा सांधा कापून ठेवते. टोपण गळून पडतं ते पेशीच्या बाहेर गेल्यावर.

या सगळ्या धांदलीत एक प्रथिन पेशीबाहेर टाकलं जातं, जे विषाणूच्या अंगावरही नसतं आणि पोटातही नसतं. सहा-सहाच्या गटानं ते रक्तात तरंगत राहतं. त्याचं नाव एनएस१. तुमच्या रिपोर्टवरची पहिली ओळ.

दिवस पहिला ते तिसरा: ताप कोण आणतं

पेशी अगदीच बेसावध नसते. आतल्या द्रवात फिरणारे आरआयजी-आय आणि एमडीए५ हे पहारेकरी परका आरएनए ओळखतात, आणि पेशी इंटरफेरॉन बाहेर सोडते. तो शेजारच्या पेशींसाठीचा इशारा असतो.

इंटरफेरॉनचा शोध १९५७ साली लंडनमध्ये ॲलिक आयझॅक्स आणि ज्याँ लिंडनमन यांनी लावला. त्यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्याचे तुकडे उष्णतेनं निकामी केलेल्या फ्लूच्या विषाणूबरोबर ठेवले. नंतर तो द्रव ताज्या तुकड्यांवर घातला आणि मग जिवंत विषाणू सोडला. ताज्या तुकड्यांवर विषाणू वाढेना. पहिल्या पेशींनी द्रवात काहीतरी सोडलं होतं आणि त्यानं दुसऱ्या पेशी सावध झाल्या होत्या.

इशारा मिळालेली शेजारची पेशी शेकडो जनुकं चालू करते. आयएफआयटीएम३ बुडबुड्याची भिंत अशी राखतं की विषाणूचं आवरण तिच्याशी एकजीव होऊ नये. ओएएस आणि आरएनेज-एल ही जोडी दुपेडी आरएनए सापडताच पेशीतला आरएनए कापत सुटते, परका आणि घरचाही. पेशी स्वतःचं काम थांबवून, स्वतःचं नुकसान करून विषाणूची वाट अडवते.

विषाणूही गप्प बसत नाही. नकला काढणारं तेच एनएस५ पेशीतल्या स्टॅट२ या निरोप्याला पकडून नष्ट करवतं, मग इंटरफेरॉनची हाक दारापर्यंत येऊनही आत पोहोचत नाही. उंदराच्या स्टॅट२ला मात्र एनएस५ला हात लावता येत नाही, आणि साधे प्रयोगशाळेतले उंदीर डेंग्यूनं आजारी पडत नाहीत त्यामागचं हे एक कारण आहे.

आता रुग्णाकडे येऊ. सणसणून ताप, हाडं मोडल्यासारखी दुखणं, डोळ्यांच्या मागे ठणका. यातला बराचसा त्रास विषाणूनं थेट दिलेला नसतो, इंटरफेरॉन आणि त्याच्या जोडीच्या संदेशवाहकांनी दिलेला असतो. हेपॅटायटिस सी साठी पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं दिली जात, तेव्हा त्या रुग्णांनाही असाच ताप आणि अंगदुखी व्हायची. या दिवसांत सीबीसीमध्ये पांढऱ्या पेशी उतरलेल्या दिसतात, बऱ्याचदा ४,०००च्या खाली. प्लेटलेट अजून ठीकठाक असतात. "काउंट चांगलाय" म्हणून निर्धास्त होण्याचा हा दिवस नव्हे. पण ही सीबीसी करून घ्याच आणि जपून ठेवा. तिच्यातलं हिमॅटोक्रिट पुढे लागणार आहे.

तापासाठी डॉक्टर पॅरासिटामॉल सांगतील, सांगतील तेवढीच घ्या. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन घरात असली तरी देऊ नका, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

एनएस१ची पट्टी

कार्ड टेस्ट कशी होते ते सांगते. हातात मावेल असं प्लास्टिकचं कार्ड, मध्ये कागदाची अरुंद पट्टी. एका टोकाच्या खळग्यात सीरमचे, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या द्रवाचे, थेंब टाकायचे. एक ओली, गुलाबीसर लाट पट्टीवर हळूहळू सरकत जाते. हा रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा असतो आणि त्या कणांना एनएस१ला धरणाऱ्या अँटीबॉडी, म्हणजे परक्या वस्तूला नेमकं पकडणारी प्रथिनं, चिकटवलेल्या असतात. रक्तात एनएस१ असेल तर कण त्याला घेऊन पुढे जातात आणि टी अक्षरापाशी अडकून रेघ उमटते. सी अक्षरापाशी रेघ उमटायलाच हवी, नाहीतर कार्ड बाद. टी ची रेघ कितीही फिकट असली तरी ती पॉझिटिव्ह. मी फिकट रेघ दिसली की कार्ड खिडकीपाशी नेऊन बघते. मात्र ठरलेली वेळ, बहुतेक कार्डांवर १५ ते २० मिनिटं, उलटून गेल्यावर उमटलेली रेघ धरायची नाही.

एनएस१ तापाच्या पहिल्या दिवसापासून सापडू शकतो. पहिले चार-पाच दिवस त्याचे. पुढे तो कमी होत जातो, कारण शरीरानं बनवलेल्या अँटीबॉडी त्याला घेरू लागतात. ज्याला पूर्वी डेंग्यू होऊन गेलाय त्याच्यात हे आणखी लवकर होतं. विषाणूचा आरएनए शोधणारी आरटी-पीसीआरही साधारण याच दिवसांत कामाची.

माझ्या भावाची एनएस१ सहाव्या दिवशी केली होती. त्या निगेटिव्हचा अर्थ "डेंग्यू नाही" असा होत नाही. तिचा अर्थ एवढाच की सहाव्या दिवशी एनएस१ सापडलं नाही. पहिल्या तीन दिवसांतली निगेटिव्हसुद्धा डेंग्यूला पूर्ण बाद करत नाही, लक्षणं तशीच असतील तर पुढे आयजीएम करावी लागते. एनएस१ पॉझिटिव्ह असेल तर मात्र त्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून: आयजीएम आणि आयजीजी

अँटीबॉडी बनायला वेळ लागतो. विषाणूच्या नेमक्या तुकड्याला जुळणाऱ्या बी पेशी निवडल्या जातात, त्यांची संख्या वाढते, मग त्या अँटीबॉडी ओतू लागतात. आयजीएम आणि आयजीजी हे अँटीबॉडीचे दोन प्रकार. आयजीएम तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत निम्म्या रुग्णांत सापडते, पाचव्या दिवशी सुमारे ८० टक्क्यांत, दहाव्या दिवसापर्यंत जवळजवळ सगळ्यांत. म्हणून दुसऱ्या दिवशी आयजीएम करून "निगेटिव्ह" मिळवण्यात पैसेही जातात आणि फसवा धीरही मिळतो. आयजीएम पुढे दोन-तीन महिने रेंगाळते, तेव्हा तिच्या पॉझिटिव्हवरूनही "हा ताप डेंग्यूचाच" असं एकदम म्हणता येत नाही. गेल्या दोन-तीन महिन्यांत कधीतरी संसर्ग झाला असेल, एवढंच कळतं.

आयजीजीची रेघ वाचताना तारीख सगळ्यात जास्त कामाला येते. पहिल्यांदाच डेंग्यू झाला असेल तर आयजीजी पहिला आठवडा उलटल्यावर, सावकाश वाढते. तीच तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठसठशीत दिसली आणि आयजीएम फिकट असली तर बहुधा हा दुसरा संसर्ग असतो. जुन्या स्मृतिपेशी जाग्या होऊन त्यांनी पूर्वीच्या अँटीबॉडी भराभर ओतलेल्या असतात. झिका, जपानी मेंदूज्वर किंवा पीतज्वराची लस यांच्या अँटीबॉडीही डेंग्यूच्या पट्टीवर रेघ उमटवू शकतात, कारण हे विषाणू एकाच घराण्यातले आहेत. लस घेतली असेल तर तेही फॉर्मवर लिहा.

दुसऱ्या संसर्गाची एवढी चिंता का, ते समजून घ्यायला हवं. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला की त्या प्रकारापासून जन्मभराचं संरक्षण मिळतं, बाकीच्या तिघांपासून फक्त काही महिन्यांचं. नंतर दुसरा प्रकार आला तर जुन्या अँटीबॉडी त्याला चिकटतात खऱ्या, पण त्याला निकामी करण्याइतक्या पुरत नाहीत. मोनोसाइट आणि मॅक्रोफेज या पेशींना मात्र अँटीबॉडीची शेपटी धरून जे चिकटलं असेल ते गिळायची सवय असते. त्या विषाणू गिळतात, बुडबुडा, आम्ल, आणि पुढची गोष्ट तुम्हाला माहीत आहेच. अर्धवट अँटीबॉडीनं विषाणूला नवं दार उघडून दिलं. आईकडून मिळालेल्या अँटीबॉडी ओसरू लागलेल्या बाळांना पहिल्याच डेंग्यूत आजार गंभीर होऊ शकतो, त्याचंही कारण हेच मानलं जातं. निकाराग्वातल्या मुलांच्या अनेक वर्षांच्या नोंदींवरून २०१७ मध्ये दिसलं की अँटीबॉडी भरपूर असतील तर संरक्षण मिळतं, अजिबात नसतील तर धोका कमी असतो, आणि मधल्या एका अरुंद पातळीवर धोका सगळ्यात जास्त असतो.

दुसरा संसर्ग झालेले बहुतेक लोक बरे होतात, घाबरून जायचं कारण नाही. पण आयजीजी लवकर वर गेलेली दिसली तर पुढचे तीन दिवस डोळ्यांत तेल घालून काढायचे.

ताप उतरला की लक्ष वाढवा

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि घरोघरी इथेच ढिलाई होते. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो, सगळे हुश्श करतात, आणि नेमके त्यानंतरचे २४ ते ४८ तास धोक्याचे असतात. विषाणू तोवर रक्तातून कमी झालेला असतो. त्रास देतो तो लढाईचा राडा. संदेशवाहक रसायनांचा पूर आलेला असतो, आणि २०१५ मध्ये हेही दाखवलं गेलं की एनएस१ स्वतःच रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर सैल करू शकतं. वाहिन्या पाझरायला लागतात. रक्तातला पाण्यासारखा भाग, प्लाझ्मा, बाहेर पोटात आणि छातीत झिरपतो. तांबड्या पेशी मागे राहतात.

हे मी डोळ्यांनी बघते ते केशनलिकेत. काडीसारखी बारीक काचेची नळी, साडेसात सेंटिमीटरची. रक्त भरायचं, एक टोक मातीनं बुजवायचं आणि पाच मिनिटं गरगर फिरवायचं. काढली की तीन थर दिसतात. खाली गडद तांबडा खांब, त्यावर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटची दोऱ्याएवढी मळकट रेघ, वर पिवळसर प्लाझ्मा. तांबडा खांब एकूण उंचीच्या किती टक्के, ते हिमॅटोक्रिट, काही कागदांवर पीसीव्ही लिहिलेलं असतं. एकाच रुग्णाची कालची नळी आणि आजची नळी शेजारी धरली आणि तांबडा खांब चढलेला दिसला, की मी दुसरं काम बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना फोन करते. तांबड्या पेशी वाढलेल्या नसतात, त्यांच्या भोवतीचं पाणी निघून गेलेलं असतं.

हिशेब असा करा. पहिल्या दिवसांतलं हिमॅटोक्रिट ४० असेल तर त्याच्या २० टक्के म्हणजे ८. आज ४८ किंवा जास्त दिसलं तर पाझर मोठा आहे. पुष्कळ जण २० टक्के म्हणजे ४० चं ६० समजतात, तसं नाही. माझा भाऊ ४२ वरून ५१ वर गेला होता, म्हणजे २१ टक्क्यांहून थोडी जास्त वाढ. एकटं ५१ बघून कुणी म्हणालं असतं, "पुरुषाचं थोडं जास्तच असतं." आधीचा ४२ चा कागद होता म्हणून ते कळलं.

प्लेटलेटबद्दल, ज्यांना सगळे नुसतं "पेशी" म्हणतात. अस्थिमज्जा काही दिवस मंदावते, शिवाय रक्तात असलेल्या प्लेटलेटही नष्ट होतात, म्हणून आकडा कोसळतो. तो भराभर उतरताना हिमॅटोक्रिट चढत असेल तर ती धोक्याची खूण. पण नुसत्या आकड्याच्या मागे धावून प्लेटलेट चढवा म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नका. सिंगापूर आणि मलेशियात ३७२ प्रौढ रुग्णांवर झालेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्लेटलेट २०,००० किंवा त्याखाली असूनही रक्तस्राव नसलेल्यांना त्या चढवून रक्तस्राव टळला नाही, उलट त्रास जास्त झाला.

आकड्यांपेक्षाही आधी माणूस बघा. पोटात सतत दुखणं, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यातून किंवा नाकातून रक्त, काळी शौच, खूप सुस्ती किंवा उगाच तगमग, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं. यातलं एक जरी दिसलं तरी रिपोर्टची वाट न बघता रुग्णालय गाठा.

आकडा पटत नसेल तेव्हा

रुग्ण हिंडतोफिरतो आहे, ताप किरकोळ, आणि प्लेटलेट एकदम १८,०००? आधी विचारा, काचपट्टीवर बघितलं का? सीबीसी जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये घेतात. तिच्यातल्या रसायनामुळे काही लोकांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटून गठ्ठे होतात, आणि यंत्र गठ्ठ्याला प्लेटलेट म्हणून मोजत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली ते गठ्ठे काचपट्टीच्या कडेला गोळा झालेले स्पष्ट दिसतात. मग फिकट निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये पुन्हा नमुना घ्यायचा. त्याच काचपट्टीवर डेंग्यूच्या पाचव्या-सहाव्या दिवशी मोठ्या, निळ्या अंगाच्या लिंफोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) दिसतात, शेजारच्या तांबड्या पेशींना बिलगलेल्या. शरीर लढतंय याची ती खूण. मला त्या दिसल्या की बरं वाटतं.

चिकुनगुन्याही एडीसच पसरवतो, पण तो विषाणू वेगळ्या घराण्यातला. त्याला पेशीवर धरणारं एमएक्सआरए८ हे प्रथिन २०१८ मध्ये सापडलं. ते सांध्यांतल्या पेशींवरही असतं, आणि सांधे महिनोन् महिने दुखतात त्याचा एक धागा तिथे जातो. एनएस१ची पट्टी त्याला पकडत नाही. गर्भवती असाल आणि झिकाची शक्यता असेल तर पट्ट्यांच्या नादी न लागता पहिल्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, तो वारेतून बाळापर्यंत पोहोचतो.

रुग्णाला मच्छरदाणीत ठेवा

तापाचे पहिले पाचेक दिवस रुग्णाच्या रक्तात जिवंत विषाणू असतो. तेव्हा चावलेला डास तो पुढे नेऊ शकतो. डासाच्या आतड्याच्या पेशींत आधी विषाणू वाढतो, मग लाळग्रंथीत पोहोचतो, याला ८ ते १२ दिवस लागतात. डासाकडे अँटीबॉडी नाहीत, इंटरफेरॉन नाही. त्याच्याकडे डायसर-२ नावाची कात्री आहे, ती दुपेडी आरएनएचे २१ अक्षरांचे तुकडे करते आणि त्या तुकड्यांच्या मदतीनं उरलेला विषाणू शोधून कापला जातो. त्यानं विषाणू आटोक्यात राहतो, संपत नाही. डास ठणठणीत राहतो आणि मरेपर्यंत विषाणू वाहतो. एडीस दिवसा चावतो, म्हणून दिवसा झोपलेल्या रुग्णालाही मच्छरदाणी हवी.

भावाची आयजीजी दाखल झाल्यावर केली तेव्हा ती रेघ आयजीएमपेक्षा कितीतरी गडद होती. त्याला मग आठवलं, कॉलेजात असताना एकदा आठवडाभर ताप येऊन गेला होता, तपासला नव्हता. मी त्याला सगळे कागद एका फाईलमध्ये तारखेनं लावून दिले आणि वरच्या पानावर लिहिलं: डेंग्यू, बहुधा दुसऱ्यांदा, साल आणि महिना.

परवा पुन्हा त्याचा फोन आला. आवाजात काळजी होती, पण गडबड नव्हती.

"ताई, पोरीला ताप आहे. काल संध्याकाळी सातला चढला, लिहून ठेवलंय. आज दुसरा दिवस. एनएस१ आणि सीबीसी देऊ ना?"

"दे. आणि हिमॅटोक्रिटचा आकडा मला कळव."

"ती मच्छरदाणीत झोपलीय," तो म्हणाला.